आप्पांच्या फोनमधलं गाव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की दुपारी आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खाऊन घर आडवं होतं, आणि ओट्यावर आप्पा आणि मी दोघंच उरतो. यंदा आप्पांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे ठेवला. काच तीन ठिकाणी तडकलेली, बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. "नवा लेवाना शे," म्हणाले. मी अमळनेरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. मी म्हटलं, कॅमेरा आणि बॅटरी तर बघूच, पण तुमची माहिती कोणता फोन नीट सांभाळेल तेही बघायला हवं. आप्पा हसले. "मना फोनमा काय शे?"

काय आहे ते बघायचंच ठरवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटून गेलेलं पान काढलं आणि फोन उघडून एकेक गोष्ट लिहायला लागलो. सातबारा आणि आठ-अचे फोटो. आधार, पॅन, बँकेचं पासबुक. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस घालताना गल्लीतल्या चौघांची कागदं आप्पांनी काढून ठेवलेली, कारण त्या चौघांकडे साधे बटणाचे फोन. केळी कापणाऱ्या टोळीतल्या अकरा मजुरांची पासबुकं, मुकादमाने पाठवलेली. वहिनीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. माझ्या चुलत बहिणीचा बायोडाटा, त्यात जन्मवेळ, शिक्षण, पगार, फोटो. आणि स्थळं बघता बघता जमलेले दुसऱ्या नऊ मुलींचे बायोडाटेही. सहाशेवर नंबर, त्यातले निम्मे ‘केळीवाला’, ‘ड्रिपवाला’, ‘सुमनबाई दवाखाना’ अशा नावांनी.

पान भरलं. त्यात आप्पांचं एकट्याचं असं निम्मंही नव्हतं. फोन त्यांच्या खिशात असला तरी आत अख्खी गल्ली राहते. हा फोन उघडा पडला तर सोसावं लागेल त्या अकरा मजुरांना आणि त्या नऊ मुलींना, ज्यांना कोणी विचारलेलंही नाही.

गोपनीयता म्हटलं की लोकांना लपवाछपवी आठवते. "मी काय चोर शे?" हा आप्पांचा पुढचा प्रश्न त्यातूनच आला. पण आमचंच घर बघा. ओट्यावर कोणीही येऊन बसतं, पाणी मागतं. मधल्या घरात सोयरेधायरे येतात. कपाटाची किल्ली मात्र मायच्या कमरेला. ह्यात कोणी चोर नाही. कोणाला कुठपर्यंत येऊ द्यायचं हे घरातली माणसं ठरवतात, एवढंच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला, आणि त्या हक्काचं मूळ राज्यघटनेच्या २१व्या कलमात, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कात असल्याचं सांगितलं. पुढे २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, २०२५च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले, आणि त्यातल्या बऱ्याच तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. कायदा आपल्या बाजूला आहे हे चांगलंच. पण दाराची कडी आपल्यालाच लावायची असते.

माहिती हवी असते कोणाला

पहिले गिऱ्हाईक जाहिरातवाले. गूगल आणि फेसबुक आपल्याकडून एक रुपया घेत नाहीत. त्यांचं बहुतेक उत्पन्न जाहिरातींतून येतं. जाहिरात योग्य माणसाला दाखवायची तर माणूस ओळखता आला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक अँड्रॉइड फोनला जाहिरातींसाठीचा एक ओळख क्रमांक असतो. आप्पा केळीच्या भावाचं ॲप उघडतात, मग क्रिकेटचा स्कोअर बघतात, मग पत्त्यांचा खेळ. तिन्ही ॲपना हा एकच क्रमांक दिसतो, त्यामुळे तीन ठिकाणचे तुकडे जोडून एक माणूस उभा करता येतो. सेटिंगमध्ये ‘गूगल’, त्यात ‘जाहिराती’ उघडलं की हा क्रमांक हटवायची सोय सापडते. जाहिराती त्याने थांबत नाहीत, पण तुकडे जोडणं अवघड होतं.

ह्यावर प्रत्येक जण विचारतो तेच आप्पांनीही विचारलं: आपण ठिबकच्या नळ्यांबद्दल बोललो आणि लगेच फोनवर नळ्यांची जाहिरात आली, म्हणजे फोन ऐकतो का? अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये सतरा हजारांवर अँड्रॉइड ॲप तपासली. कोणीही माणसाला न सांगता माइक चालू करून आवाज बाहेर पाठवताना त्यांना आढळलं नाही. त्याऐवजी काही ॲप फोनच्या पडद्यावर काय चाललंय त्याची चित्रं परस्पर तिसऱ्याच कंपनीकडे पाठवताना सापडली. नळ्यांच्या जाहिरातीचं कारण बहुधा साधं असतं. माझ्या भावाने त्याच वायफायवर नळ्यांचे भाव शोधले होते, आप्पांनी ठिबकचे दोन व्हिडिओ पाहिले होते, आणि फोन रोज मळ्यात असतो. एवढ्यावर अंदाज बांधता येतो. मला तर ऐकण्यापेक्षा हे जास्त काळजीचं वाटतं, कारण ह्यासाठी तोंड उघडायचीही गरज नाही.

त्यातही जागेची माहिती फार बोलकी असते. फोन रात्री जिथे पडलेला असतो ते घर, दिवसा असतो ते कामाचं ठिकाण. दर मंगळवारी जळगावच्या एका दवाखान्याजवळ दोन तास थांबत असेल, तर काय आजार असावा हेही ताडता येतं. २०१८च्या जानेवारीत स्ट्राव्हा ह्या व्यायामाच्या ॲपच्या नकाशाची जगभर चर्चा झाली. लोक कुठे धावतात हे दाखवणारा, नाव-गाव नसलेला नकाशा. पण अफगाणिस्तान आणि सीरियासारख्या भागात लष्करी तळांवर सैनिक कुठल्या रस्त्याने धावतात ते त्यात उजळून दिसत होतं. नाव काढून टाकलं म्हणजे ओळख मिटली असं होत नाही.

दुसरे गिऱ्हाईक भामटे, त्यांच्याकडे पुढे येतेच. आणि तिसरी आपली जवळची माणसं. त्यांच्याबद्दलही बोलायला हवं, कारण त्यावर कोणी बोलत नाही.

दुकानात काय विचारायचं

आप्पांना घेऊन जळगावला गोलाणी मार्केटला गेले तेव्हा एकच प्रश्न पाठ करून गेले होते: ह्या मॉडेलला सुरक्षेची अपडेट कधीपर्यंत मिळणार?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा का, ते सांगते. फोनमधलं सॉफ्टवेअर म्हणजे लाखो ओळींचं लिखाण, त्यात चुका राहतातच. चूक सापडली की कंपनी ती बुजवते आणि तो बुजवलेला तुकडा अपडेट म्हणून पाठवते. पण कुठे भोक होतं हे त्याच वेळी जगालाही कळतं. ज्याला अपडेट मिळाली त्याचं भोक बुजलं. ज्याच्या फोनची मुदत संपली त्याचं भोक तसंच राहतं, आणि आता ते चोरालाही माहीत असतं. आप्पांच्या जुन्या फोनला शेवटची अपडेट येऊन तीन वर्षं झाली होती. ‘फोनबद्दल’ ह्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख दिसते, आपापल्या फोनमध्ये आत्ताच बघता येईल.

ही मुदत कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलते. गूगलने २०२३च्या पिक्सेल ८ला आणि सॅमसंगने २०२४च्या गॅलेक्सी एस२४ला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं. स्वस्त फोनांत ती दोन-तीन वर्षांवरही येते. आणि एक बारीक गोष्ट गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही: वर्षं मोजतात ती मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून, आपण विकत घेतल्यापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल निम्म्या किमतीत मिळतं तेव्हा त्याची दोन वर्षं आधीच सरलेली असतात. आप्पा फोन पाच वर्षं वापरतात. म्हणून आम्ही कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सोडून दिले आणि जास्त वर्षं अपडेट मिळणारा मधल्या किमतीचा फोन घेतला. दुकानातल्या मुलाला उत्तर माहीत नव्हतं. कंपनीच्या संकेतस्थळावर आम्ही तिथेच शोधलं.

दुसरी गोष्ट, फोनसोबत आलेली ॲप. काही कंपन्या फोन स्वस्तात देतात आणि उरलेली कमाई आधीच भरून ठेवलेल्या ॲपमधून आणि लॉक स्क्रीनवरच्या जाहिरातींतून काढतात. अशी काही ॲप काढून टाकता येतात, काही फक्त ‘बंद’ करता येतात. नवीन फोन सुरू करताना ‘पुढे, पुढे’ दाबत गेलो की ह्या सगळ्याला आपली संमती जाते. तो पडदा सावकाश वाचावा आणि जाहिराती, शिफारशी, वापराची माहिती पाठवणं ह्या खुणा काढून टाकाव्यात.

आयफोन की अँड्रॉइड, हेही लोक विचारतात. ॲपल मुख्यतः फोन आणि सेवा विकून कमावते, आणि २०२१च्या एप्रिलपासून आयफोनवरच्या ॲपना दुसऱ्यांच्या ॲप आणि संकेतस्थळांवर तुमचा माग काढायचा असेल तर आधी तुमची परवानगी मागावी लागते. ही मोठी गोष्ट आहे. पण त्यासाठी कर्ज काढून आयफोन घ्यायला मी कोणालाच सांगणार नाही. अपडेट वेळेवर मिळणारा अँड्रॉइड फोन नीट वापरला तर आमच्यासारख्या घराला पुरेसा आहे.

जुना फोन घेणार असाल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश हा क्रमांक लावा. पडद्यावर १५ आकडी आयएमईआय क्रमांक येतो. तो दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासला की फोन चोरीचा म्हणून नोंदलेला आहे का ते कळतं. त्याच पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत तेही दिसतं. आप्पांच्या नावावर एक अनोळखी नंबर निघाला, तो आम्ही तिथूनच ‘माझा नाही’ म्हणून कळवला.

खातं कोणी काढून दिलं

आमच्या भागात सगळ्यात मोठं भगदाड हे आहे, आणि ते कुठल्या कंपनीने पाडलेलं नाही. फोन घेतला की दुकानातलाच मुलगा सगळं ‘चालू करून’ देतो: ईमेल खातं काढतो, पासवर्ड ठेवतो, व्हॉट्सॲप लावतो. तो मनाने चांगला असतो, मदतच करत असतो. पण पासवर्ड बहुधा गिऱ्हाइकाचं नाव आणि १२३, किंवा मोबाईल नंबरच. आप्पांच्या पहिल्या फोनचा तसाच होता, आणि तो आप्पांना माहीत नव्हता. दुकानदाराला माहीत होता.

अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचं खातं म्हणजे घराची मुख्य किल्ली. फोटो, नंबर, यूट्यूबवर काय पाहिलं, नकाशात कुठे गेलो, कित्येकदा व्हॉट्सॲपची साठवण, सगळं त्याच्याशी बांधलेलं. हरवलेला फोन शोधायची सोय चालते तीही ह्याच खात्यावर, म्हणजे पासवर्ड ज्याच्याकडे त्याला तुमचा फोन कुठे आहे हेही बघता येऊ शकतं. म्हणून फोन डब्यासकट घरी आणावा. ज्याच्यावर घराचा भरवसा आहे अशा पोरीला किंवा पोराला बसवून खातं काढावं, पासवर्ड लांब ठेवावा, वहीत लिहून कपाटात ठेवला तरी चालेल. चोर वही शोधायला चोपड्यासारख्या गावापर्यंत येत नाही, तो इंटरनेटवर बसलेला असतो. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाते. फोनला चारऐवजी सहा आकड्यांचा पिन ठेवावा, आणि तो जन्मवर्ष नसावा.

गूगलच्या खात्यात आपल्या शोधांची नोंद ठरावीक काळाने आपोआप पुसायची सोय आहे. ३, १८ किंवा ३६ महिने असे पर्याय मिळतात. आप्पांना ३ ठेवून दिले.

परवानगी म्हणजे चिठ्ठी

ॲप लावलं की ते विचारतं: कॅमेरा वापरू का? जागा बघू का? नंबर वाचू का? २०१५च्या अँड्रॉइड ६पासून ही विचारणा एकेक करून होते. ‘हो’ म्हटलं की ती चिठ्ठी त्या ॲपकडे राहते.

चिठ्ठी द्यायची की नाही हे ठरवायला ॲपचं काम बघावं. राज्य सरकारचं ई-पीक पाहणीचं ॲप २०२१च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झालं. ते जागा मागतं आणि कॅमेरा मागतं, आणि दोन्ही बरोबरच आहे: गटात उभं राहून पिकाचा फोटो काढल्याशिवाय पीक तिथे आहे हे कळणार कसं? पण बॅटरीचा उजेड पाडणाऱ्या ॲपला तुमच्या सहाशे नंबरांशी काय करायचंय? पत्त्यांच्या खेळाला माइक कशाला? आप्पांच्या फोनात असली सात ॲप निघाली. आम्ही ती काढूनच टाकली. उजेडाचं बटण फोनमध्ये असतंच.

जागेसाठी ‘ॲप वापरत असतानाच’ हा पर्याय निवडावा. अँड्रॉइड १२पासून ‘अचूक’ऐवजी ‘अंदाजे’ जागा देता येते. हवामान सांगणाऱ्या ॲपला गाव कळलं की बास, मळ्यातली खोली कळायची गरज नाही. त्याच आवृत्तीपासून कॅमेरा किंवा माइक चालू झाला की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते, आणि गेल्या चोवीस तासांत कोणत्या ॲपने काय वापरलं ते ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’मध्ये दिसतं. आठवड्यातून एकदा ते उघडून बघावं.

नंबरांच्या चिठ्ठीची किंमत मला माझ्या वर्गातल्या एका मुलामुळे कळली. फीसाठी त्याने एका ॲपवरून तीन हजारांचं कर्ज घेतलं. लावताना ॲपने नंबर आणि फोटो मागितले, त्याने दिले. हप्ता चार दिवस चुकला आणि त्याच्या मामांना, मास्तरांना, मित्राच्या आईला निरोप जायला लागले की हा मुलगा चोर आहे. सोबत त्याच्या बहिणीचा बिघडवलेला फोटो. बहिणीने कर्ज घेतलं नव्हतं, परवानगीही दिली नव्हती. ती आठ दिवस घराबाहेर पडली नाही.

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाला २०२१च्या पहिल्या दोन महिन्यांत भारतीय अँड्रॉइड वापरणाऱ्यांपुढे कर्ज देणारी सुमारे अकराशे ॲप दिसली, त्यातली सहाशे बेकायदा. त्यानंतर २ सप्टेंबर २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत बँकेने स्पष्ट सांगितलं की कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फायली, फोटो, नंबरांची यादी आणि कॉलची नोंद ह्यांना हात लावू नये. ओळख पटवण्यापुरता कॅमेरा, माइक किंवा जागा एकदा मागता येईल, तीही संमती घेऊन. तेव्हा कर्जाचं ॲप नंबर मागत असेल तर तिथेच थांबावं. मागे कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था आहे ते नाव शोधावं, नाव नसेल तर ॲप काढून टाकावं.

लग्नाची पत्रिका ॲप नसते

लग्नसराईत आपल्याकडे एका दिवसाला पाच-पाच पत्रिका व्हॉट्सॲपवर येतात. भामट्यांना हे ठाऊक आहे. ‘आमच्या लग्नाला यायचं हं’ असा निरोप ओळखीच्या नंबरावरून येतो, खाली एक फाइल. तिच्या नावाच्या शेवटी एपीके ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. पत्रिका चित्र असेल, व्हिडिओ असेल, पीडीएफ असेल. एपीके म्हणजे फोनमध्ये बसवायचं ॲप. पीएम किसानचा हप्ता, वीजबिल, वाहनाचं चलन अशी नावं देऊनही हेच फिरतं.

ते बसवलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. असली काही ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ती मुळात अंध किंवा अपंग व्यक्तींच्या मदतीसाठी आहे. तिच्यामुळे ॲपला पडदा वाचता येतो आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. निरोपातून आलेल्या कुठल्याच ॲपला ही परवानगी देऊ नये. आणि पुढची गोष्ट सगळ्यात वाईट: तीच ‘पत्रिका’ तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ओळखीच्यांना जाते, आणि ते ती उघडतात कारण ती तुमच्याकडून आली आहे. भामटा वापरतो ती तुमची पत, भाऊबंदांतली.

चुकून बसवलंच तर आधी फोनचं इंटरनेट बंद करायचं आणि ॲप काढायचं. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवायचे आणि १९३० ह्या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर तक्रार करायची. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात, म्हणून तासाभरात कळवलं तर मधेच अडवले जाण्याची शक्यता जास्त. लाज वाटून दोन दिवस गप्प बसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या दोन दिवसांत सगळं जातं.

झेरॉक्सवाल्याचा नंबर

व्हॉट्सॲपवरचे निरोप २०१६पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात. म्हणजे आप्पांनी पाठवलेला फोटो वाटेत कंपनीलाही उघडता येत नाही. पण कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोलतं हे कंपनीला कळू शकतं; आणि मुख्य म्हणजे, पलीकडच्या फोनवर फोटो पोहोचला की कुलूप संपतं. साठवणीची प्रतही गूगलकडे जाते, तिला वेगळं कुलूप लावायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती आपण स्वतः चालू करावी लागते.

आणि आपण फोटो पाठवतो कोणाला? तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात भिंतीवर नंबर लावलेला असतो, ‘प्रिंटसाठी इथे पाठवा’. दिवसाला दोनशे माणसं आधार, पॅन, पासबुक तिथे पाठवतात. दुकानदार सज्जन असला तरी त्याचा फोन आणि कॉम्प्युटर म्हणजे अख्ख्या तालुक्याचं कपाट, आणि ते उघडंच. प्रिंट हातात आली की तिथेच उभं राहून आपल्या फोनवरून तो फोटो ‘सगळ्यांसाठी’ हटवावा, आणि कॉम्प्युटरवर उतरवलेली प्रत आपल्यासमोर पुसायला सांगावी. मी सांगते. कोणी रागावत नाही.

आधारची गरज असेल तिथे शक्य तर झाकलेलं आधार द्यावं. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते उतरवता येतं आणि त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारवरचे बोटांचे ठसेही कुलूपबंद करून ठेवता येतात, लागले की तेवढ्यापुरते उघडायचे. व्हॉट्सॲपला सहा आकड्यांचा दुसरा पिन लावावा आणि ‘जोडलेली उपकरणं’ हे पान बघावं. आप्पांच्या फोनात तिथे एक अनोळखी कॉम्प्युटर निघाला. महिन्यापूर्वी कुठेतरी कागद काढताना कोणीतरी जोडून घेतलेला आणि तसाच राहिलेला. महिनाभर आप्पांचे सगळे निरोप तिथे दिसत होते. हेतू वाईट नसेलही. पण त्या निरोपांत वहिनीचा रिपोर्ट होता.

घरातल्या घरात

आता ते तिसरे गिऱ्हाईक. जळगावच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या फोनवर भाऊ किंवा वडील चोवीस तास जागा बघत असतात, कधी तिला सांगून, कधी न सांगता. काळजीपोटी हे होतं, मला मान्य आहे. बस चुकली, रात्र झाली तर तासाभरापुरती जागा कळवावी, व्हॉट्सॲपवर तशी सोय आहे आणि ती आपोआप संपते. पण तिला न सांगता तिच्या फोनमध्ये बसवलेलं ॲप ही पाळत आहे, आणि अशी ॲप ती माहिती आपल्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात. म्हणजे ज्या परक्यापासून पोरीला जपायचं, त्याच्याच हाती तिचा पत्ता द्यायचा.

एकच फोन घरात चौघांच्या हाती जात असेल, तर ॲप ‘पिन’ करायची सोय शिकून घ्यावी. नातवाला यूट्यूब लावून दिलं की तो त्याच ॲपमध्ये राहतो, बाहेर यायला पिन लागतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पाहुण्यासाठी वेगळं खातंही उघडता येतं. वहिनीने स्वतःसाठी बँकेच्या ॲपला वेगळं कुलूप लावून घेतलं. माय जरा बघत राहिली, मग तिनेही तिच्या भिशीच्या हिशोबाच्या वहीचा फोटो कुठे ठेवता येईल ते विचारलं.

जुन्या फोनचं काय

दुकानदार जुन्या फोनचे नऊशे रुपये देत होता. नुसतं फोटो पुसून फोन देणं पुरेसं नसतं. आधी गूगलचं खातं फोनमधून काढायचं, मग सेटिंगमधून संपूर्ण रीसेट करायचा, सिम आणि मेमरी कार्ड बाहेर काढायचं. मेमरी कार्डाला लोक विसरतात, आणि फोटो बहुधा त्यातच असतात. दुरुस्तीला देतानाही पिन सांगावा लागला तर आधी हेच करावं. सॅमसंग आणि पिक्सेलच्या काही फोनांत दुरुस्तीसाठी वेगळा मोड आहे, त्यात कारागिराला फोन तपासता येतो पण आपले फोटो दिसत नाहीत.

संध्याकाळी आप्पांनी कॅलेंडरचं ते पान पुन्हा घेतलं. मजुरांची पासबुकं काढताना म्हणाले, पैसे तर मागच्याच वर्षी दिलेत, आता हे ठेवून काय करायचं. नऊ मुलींचे बायोडाटे काढताना त्यातल्या तिघींची लग्नं झाल्याचं त्यांना आठवलं. चौघा शेजाऱ्यांची कागदं मात्र त्यांनी लगेच पुसली नाहीत. आधी ओट्यावरून हाका मारून चौघांना विचारलं, लागतील का पुन्हा.

जुना फोन त्यांनी विकला नाही. तो आता मळ्यातल्या खोलीत असतो. त्यात सिम नाही, खातं नाही, इंटरनेट नाही, फक्त पावसाळ्यात मोटर चालू असताना ऐकायला भरून दिलेली गाणी आहेत.